प्रोस्टेट काढल्यावर पीएसए पुन्हा चढतोय: रेडिएशनआधी कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. दर सहा महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन, जे रक्तात मोजतात) नगण्य येतो, घरचे निर्धास्त असतात, आणि एके दिवशी रिपोर्टात ०.२३ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) छापून येतं. कुठे दुखत नाही, लघवीला त्रास नाही, वजन उतरलेलं नाही. पण प्रोस्टेट पूर्ण काढलेल्या माणसाच्या शरीरात पीएसए तयार करणारं दुसरं काही सहसा उरलेलं नसतं. म्हणजे कॅन्सरच्या पेशी बहुधा कुठेतरी आहेत. प्रोस्टेट जिथे होती त्या जागेतच आहेत, ओटीपोटातल्या गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) गेल्यात, की हाडापर्यंत पोचल्यात? रेडिएशनआधीच्या सगळ्या तपासण्या याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

यात एक कात्री आहे आणि ती सुरुवातीलाच समजून घेतलेली बरी. पीएसए जितका जास्त, तितकं स्कॅनमध्ये काहीतरी दिसण्याची शक्यता जास्त. पण पीएसए जितका कमी असताना रेडिएशन सुरू होईल, तितका त्याचा उपयोग जास्त. २०१६ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांमधल्या २,४६० रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीएसए ०.२ किंवा त्याखाली असताना रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७१ टक्क्यांचा पीएसए पाच वर्षांनीही आटोक्यात होता. ०.२१ ते ०.५० मध्ये हा आकडा ६३ टक्के, ०.५१ ते १ मध्ये ५४ टक्के, १ ते २ मध्ये ४३ टक्के आणि २ च्या वर ३७ टक्के. आता पीएसएमए पेट स्कॅनचं बघा, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते शोधणाऱ्या स्कॅनचं. २०१९ साली ६३५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पीएसए ०.५ च्या आत असताना फक्त ३८ टक्क्यांमध्ये काही दिसलं. ०.५ ते १ मध्ये ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४ टक्के, ५ च्या वर ९७ टक्के.

दोन्ही रांगा उलट दिशेने धावतात. म्हणून "स्कॅनमध्ये दिसेपर्यंत थांबू" हा ऐकायला शहाणपणाचा वाटणारा सल्ला बहुतेक वेळा महाग पडतो. तपासण्या करायच्या त्या रेडिएशन कुठे, किती आणि कशाच्या जोडीने द्यायचं हे ठरवण्यासाठी. रेडिएशन लांबवण्यासाठी नव्हे.

आधी खात्री करा की आपण एकाच ऑपरेशनबद्दल बोलतोय

आपल्याकडे "दुर्बिणीचं ऑपरेशन" या एका शब्दात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी येतात. लघवी अडत होती म्हणून मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडली, ते टीयूआरपी. त्यात ग्रंथीचा बराच भाग आत राहतो. पोटाला छोटी छिद्रं पाडून किंवा रोबोच्या मदतीने पूर्ण प्रोस्टेट आणि शुक्राशय काढले, ते रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी. या लेखातले ०.२ वगैरे आकडे फक्त दुसऱ्या ऑपरेशनला लागू आहेत. टीयूआरपी झालेल्या माणसाचा पीएसए शून्याला जाणं अपेक्षितच नसतं. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव नेमकं काय लिहिलंय ते वाचा. घरातल्या आठवणीवर विसंबू नका.

पीएसए दुसऱ्यांदा करा, त्याच लॅबमध्ये

पूर्ण प्रोस्टेट काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पीएसए ०.१ च्या खाली जायला हवा. नंतर तो ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या चाचणीतही तसाच आला, की त्याला रोग परतला असं म्हणायची रूढ पद्धत आहे. पहिला आकडा एकटा पुरेसा नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच रक्ताचा पीएसए सहज दहा-वीस टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. पीएसए १० असताना या फरकाने काही बिघडत नाही. पण ०.२ च्या आसपास याच फरकावर निर्णय फिरतो, ते खाली दाखवतो. म्हणून लॅब बदलू नका. बदलावीच लागली, तर नव्या लॅबमध्ये दोनदा करून तिथून नवी रांग सुरू करा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर चाचणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही किटमध्ये बायोटिनमुळे पीएसए खोटा कमी दिसतो, आणि हे लॅबवाले सहसा विचारत नाहीत.

ऑपरेशननंतर पीएसए कधी ०.१ च्या खाली गेलाच नाही, असं असेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे रोग परतलेला नसून मागे राहिलेला असतो. अशा वेळी स्कॅन लवकर करतात आणि ओटीपोटातल्या गाठींवर जास्त बारकाईने लक्ष देतात.

जुनी फाइल उघडा: सगळ्यात स्वस्त तपासणी

स्कॅनच्या आधी, आणि माझ्या मते स्कॅनइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दिलेला अहवाल. अनेक घरांत तो "कॅन्सर निघाला" एवढंच वाचून फाइलमध्ये गेलेला असतो. त्यातल्या या गोष्टी शोधा.

ग्लीसन स्कोअर किंवा आयएसयूपी ग्रेड: कॅन्सर किती आक्रमक आहे ते हे सांगतात. आयएसयूपीच्या १ ते ५ पैकी ग्रेड ४ आणि ५ म्हणजे आक्रमक जात. मग मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या होत्या का. "मार्जिन पॉझिटिव्ह" वाचून घरचे घाबरतात, आणि ऑपरेशननंतर लगेच ती वाईटच बातमी असते. पण पीएसए परत चढल्यावर याच ओळीचा अर्थ बदलतो. कड पॉझिटिव्ह असेल आणि पीएसए हळूहळू चढत असेल, तर उरलेला रोग तिथेच, प्रोस्टेटच्या जागेत असण्याची शक्यता वाढते, आणि तिथे रेडिएशन पोचतं. उलट शुक्राशयात शिरकाव, ग्रेड ५, गाठी पॉझिटिव्ह, कड मात्र स्वच्छ आणि वर्षाच्या आत पीएसए चढलेला, असं चित्र असेल तर रोग लांब गेल्याचा संशय बळावतो.

किती लिम्फ नोड काढले होते तेही बघा. "०/१८" आणि "०/३" यांत फार फरक आहे. तीनच गाठी तपासल्या असतील तर "गाठी निगेटिव्ह" या शब्दांवर फारसं वजन टाकता येत नाही.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले ट्यूमरचे तुकडे) आणि स्लाइड्स मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं असेल, किंवा ट्यूमरच्या जनुकांची चाचणी करायची ठरली, तर तेच लागतात. डेसिफर ही २२ जनुकांवरची चाचणी त्यातलीच. अमेरिकेत ती बरीच वापरतात आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांना डॉक्टर ती आपणहून सुचवतील. इथे ती महाग पडते. हार्मोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं औषध) द्यायचं की नाही हे खरंच काठावर असेल तरच तिचा विचार करा. घरात प्रोस्टेट, स्तन, अंडाशय किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर कुणाला झाला असेल तर मात्र रक्तातल्या बीआरसीए जनुकाच्या चाचणीबद्दल जरूर विचारा. तिचा उपयोग रुग्णापुरता राहत नाही, मुला-मुलींनाही होतो.

पीएसए किती वेगाने दुप्पट होतोय

एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. पीएसए दुप्पट व्हायला लागणारा काळ काढायला किमान तीन आकडे हवेत, त्यांत महिन्याभराचं तरी अंतर हवं, आणि एकूण कालावधी तीन महिन्यांपेक्षा कमी नको. दोन आकड्यांवरून ढोबळ गणित सोपं आहे: दोन चाचण्यांमधले महिने गुणिले ०.६९३, भागिले नव्या-जुन्या आकड्याच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेच्या संकेतस्थळावर यासाठी मोफत कॅल्क्युलेटर आहे. तारखा आणि आकडे टाकले की उत्तर येतं.

आता लॅबचा मुद्दा बघा. जानेवारीत ०.२० होता. जुलैत ०.२६ आला, तर दुप्पट होण्याचा काळ साधारण १६ महिने. जुलैत ०.३० आला, तर साधारण १० महिने. युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनच्या वर्गवारीत वर्षापेक्षा जास्त काळ आणि आयएसयूपी ग्रेड ४ पेक्षा कमी, म्हणजे कमी जोखीम. वर्षभर किंवा त्याहून कमी काळ, किंवा ग्रेड ४-५, म्हणजे जास्त जोखीम. ०.२६ आणि ०.३० मधला फरक निव्वळ किट बदलल्यानेही पडू शकतो. लॅब बदलली आणि माणूस एका गटातून दुसऱ्या गटात गेला, असं खरोखर होतं.

कमी जोखमीच्या गटातल्या ७८ वर्षांच्या, हृदयाचा आजार असलेल्या गृहस्थांनी काहीच न करता पीएसएवर लक्ष ठेवणं हा पूर्णपणे समंजस निर्णय असू शकतो. १९९९ साली जॉन्स हॉपकिन्सने प्रसिद्ध केलेल्या मालिकेत, पीएसए चढल्यावर काहीही उपचार न घेतलेल्यांमध्ये रोग इतरत्र दिसायला लागेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षांचा होता. हा आकडा साठीतल्या धडधाकट माणसाने थांबायचं कारण म्हणून वापरू नये. पण तपासण्यांना तीन-चार आठवडे गेले तर आभाळ कोसळत नाही, एवढा दिलासा त्यातून नक्की घ्यावा.

हार्मोनचं इंजेक्शन स्कॅनच्या आधी घेऊ नका

पीएसए चढला की त्याच दिवशी "तीन महिन्यांचं इंजेक्शन" टोचून पाठवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो, पण परिणाम असा होतो की पीएसए पडतो, त्याची चाल मोजायची सोय जाते आणि पेट स्कॅनचं वाचन गढूळ होतं. हार्मोन थोडे दिवस घेतलं तर पेशींवरचं पीएसएमए वाढूही शकतं, बरेच महिने घेतलं तर कमी होतं आणि असलेला रोग दिसेनासा होतो. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: पीएसए, टेस्टोस्टेरॉन, पेट स्कॅन, आणि मग गरज असेल तर हार्मोन. पाठीच्या मज्जारज्जूवर दाब येऊन पायांतली ताकद जाणं किंवा लघवी पूर्ण अडणं अशी तातडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्कॅनसाठी कुणी थांबू नये. ०.३ पीएसए असलेल्या माणसाला अशी तातडी जवळजवळ कधीच नसते. "डॉक्टर, स्कॅन झाल्यावर इंजेक्शन घेतलं तर चालेल का?" एवढं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

पीएसएमए पेट स्कॅन

आज या टप्प्यावरची मुख्य तपासणी हीच. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए हे प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा किरणोत्सारी रेणू शिरेतून देतात आणि तो कुठे जमला ते बघतात. साधारणपणे पीएसए ०.२ च्या वर गेल्यावर, आणि निकालाने उपचार बदलणार असेल तर, हा स्कॅन करावा असं युरोपियन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वाक्यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

पहिली खबरदारी चिठ्ठीवर. नुसतं "पेट-सीटी" लिहिलेलं असेल तर सेंटरवर नेहमीचा एफडीजी स्कॅन होण्याची शक्यता असते. तो साखरेवर चालतो, आणि प्रोस्टेट कॅन्सर बहुधा साखर फारशी ओढत नाही. पैसे जातात आणि "काही नाही" असा फसवा रिपोर्ट हाती येतो. चिठ्ठीवर "पीएसएमए" हा शब्द हवाच, सोबत ताजा पीएसए, ऑपरेशनची तारीख, ग्लीसन आणि हार्मोन चालू आहे का हेही हवं. वाचणाऱ्या डॉक्टरला यातलं काही माहीत नसेल तर रिपोर्ट मोघम येतो.

दुसरी गोष्ट ट्रेसरची, म्हणजे त्या किरणोत्सारी रेणूची. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं. म्हणजे औषध त्या दिवशी तुमच्या नावाने तयार होतं आणि साठवून ठेवता येत नाही. बाहेरगावाहून मुंबई-पुण्याला येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून औषध येतंय ना ते विचारा. उत्पादन फसलं की त्या दिवसाचे सगळे स्कॅन पुढे जातात. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. उशिरा पोचलात तर मात्र तुमचा डोस वाट बघत थांबत नाही.

एफडीजीसारखी साखरेची बंधनं इथे नसतात, त्यामुळे इन्सुलिन बंद ठेवायची गरज सहसा नसते. कॉन्ट्रास्ट (चित्रात फरक स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर काही तास उपाशी बोलावतात आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) मागतात. इंजेक्शननंतर साधारण तासभर थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि टेबलावर जाण्याआधी लघवी करून यायचं. ही शेवटची सूचना मनावर घ्या. बहुतेक ट्रेसर लघवीतून बाहेर पडतात, मूत्राशय झगझगीत दिसतो, आणि रोग परतण्याची सगळ्यात नेहमीची जागा, म्हणजे मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे शिवलेले असतात तो जोड, नेमकी त्याच्या बुडाशी असते. काही सेंटर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देतात. पीएसएमए-१००७ हा ट्रेसर मुख्यतः यकृतावाटे जातो, त्यामुळे तिथे मूत्राशयाचा अडथळा कमी. पण त्याची वेगळी खोड आहे, ती पुढे येते. घरी गेल्यावर पुढचे काही तास लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून थोडं अंतर ठेवलं की झालं.

पेटचा रिपोर्ट वाचताना

चित्रं बघून घाबरू नका. अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, मूत्रपिंडं, यकृत, प्लीहा, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग हे सगळं निरोगी माणसातही उजळतं. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या चित्रातल्या दोन ठळक मूत्रपिंडांवरून निष्कर्ष काढणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतात.

खरा घोळ होतो तो बरगडीवर. "उजव्या सहाव्या बरगडीत सौम्य अपटेक" (म्हणजे तिथे ट्रेसर थोडा जमलाय) अशी ओळ आली की सगळे हाडात पसरल्याचं धरून चालतात. एकच बरगडी, अपटेक फिकट, सीटीवर त्या जागी काही नाही, आणि पीएसए ०.३: असं असेल तर ती बहुधा रोगाची खूण नसते. पीएसएमए-१००७ मध्ये हाडातले असे निरर्थक ठिपके विशेष दिसतात. जुना मार लागलेली जागा, भरत आलेलं फ्रॅक्चर, पॅजेटचा आजार, फायब्रस डिस्प्लेशिया अशा हाडांच्या इतर आजारांतही अपटेक येतो. स्कूटरवरून पडल्याचं आठवत असेल तर ते डॉक्टरला सांगा, ती माहिती रिपोर्टाइतकीच मोलाची आहे. आपल्याकडे आणखी एक: क्षयाच्या गाठी आणि फुफ्फुसातले जुने डागही उजळू शकतात. पोटाच्या मागच्या भागातली मज्जातंतूंची गॅंग्लिया (पेशींचे पुंजके) तर लिम्फ नोड म्हणून हमखास फसवतात. निर्णय एकाच ठिपक्यावर टेकलेला असेल तर त्या जागेचा एमआरआय किंवा शक्य असेल तर बायोप्सी मागा. एका फिकट बरगडीपायी बरं होण्याची शक्यता असलेल्या माणसाचं रेडिएशन रद्द होऊन आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू होणं, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात टाळता येण्यासारखी हानी आहे.

आता निकालाचं काय करायचं. काहीच दिसलं नाही, तर प्रोस्टेटच्या जागेला रेडिएशन ठरल्याप्रमाणे द्यायचं. दोन-चार मिलिमीटरचा रोग कुठल्याच मशिनला धड दिसत नाही, आणि निगेटिव्ह स्कॅन असलेल्यांना रेडिएशनचा फायदा चांगला होतो. जागेतच दिसलं, तर क्षेत्र तेच, त्या ठिपक्याला थोडा जादा डोस द्यायचा का यावर चर्चा. ओटीपोटातल्या गाठीत दिसलं, तर क्षेत्र वाढवून गाठींचा पट्टा घेतात आणि हार्मोन जोडतात. लांब एक-दोन ठिकाणी दिसलं, तर त्या ठिकाणांना स्टिरिओटॅक्टिक, म्हणजे बारीक नेम धरून दिलेलं रेडिएशन देण्याचा पर्याय असतो, आणि हा निर्णय एकट्या डॉक्टरने नव्हे, ट्यूमर बोर्डाने, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून, घ्यावा. अनेक ठिकाणी दिसलं, तर मुख्य उपचार औषधांचा, नुसत्या जागेला शेक (रेडिएशन) देऊन फारसं हाती लागत नाही.

पेट बघून आखलेलं रेडिएशन खरंच सरस ठरतं का? अटलांटाच्या एमरी विद्यापीठात १६५ रुग्णांवर झालेल्या एम्पायर-१ चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. त्यात ट्रेसर पीएसएमएचा नव्हता, फ्लुसिक्लोव्हिन होता. पेटनुसार आखणी केलेल्यांपैकी ७५.५ टक्के तीन वर्षांनी रोग पुन्हा न चढता होते, नेहमीच्या स्कॅनवर आखणी केलेल्यांपैकी ६३ टक्के.

एमआरआय: जागेतलं बघायला

पेट पूर्ण शरीर बघतो, एमआरआय ओटीपोट बारकाईने बघतो. मूत्राशयाच्या झगझगाटात लपलेला जोडाजवळचा छोटा रोग कधीकधी एमआरआयवर सापडतो. मागायचा तो मल्टिपॅरामेट्रिक (एकाच वेळी अनेक प्रकारची चित्रं घेणारा), कॉन्ट्रास्टसह. ऑपरेशननंतरच्या व्रणात कॅन्सर ओळखायला कॉन्ट्रास्ट भराभर शोषला जाण्याचा टप्पाच सगळ्यात कामाचा असतो, म्हणून पैसे वाचवायला "साधा" एमआरआय केला तर अर्धा उपयोग गेला. मूत्रपिंडं फारच कमजोर असतील तर गॅडोलिनियमबद्दल (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टबद्दल) आधी बोला. पेसमेकर, स्टेंट, कानातलं यंत्र, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असेल तर तेही सांगा. रेडिएशनची आखणी करताना हाच एमआरआय सीटीवर बसवून बघता येतो, तेव्हा सीडीवर मूळ डायकॉम फाइल्स घ्या. नुसत्या फिल्म आणि छापील कागद आखणीच्या संगणकात शिरत नाहीत. पेटच्या बाबतीतही तेच.

बोन स्कॅन आणि साधा सीटी यांचं काम या टप्प्यावर फारसं उरलेलं नाही. पीएसए १० च्या खाली आणि हाडदुखी नसताना बोन स्कॅनमध्ये काही सापडणं दुर्मीळ. पीएसएमए पेट मिळतच नसेल तर ठीक. पेट झालेला असताना वर बोन स्कॅनही लिहून दिला असेल तर तो कशासाठी, हे विचारा.

रक्त, हृदय, लघवी, आतडी

रेडिएशनला रक्ताच्या फार चाचण्या लागत नाहीत, हार्मोनला लागतात. म्हणून आधी विचारा की हार्मोन द्यायचं आहे का. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ९६०१ या चाचणीत रेडिएशनसोबत दोन वर्षं बायकॅल्युटामाइड हे हार्मोनचं औषध घेतलेल्यांपैकी ७६.३ टक्के बारा वर्षांनी हयात होते, फक्त रेडिएशनवाल्यांपैकी ७१.३ टक्के. पण फायदा मुख्यतः पीएसए जास्त असलेल्यांमध्ये होता. पीएसए कमी असताना सरसकट दोन वर्षं देण्याला आता आधार उरलेला नाही. द्यायचं ठरलं तर टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन, यकृत, क्रिएटिनिन, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी सुरुवातीलाच करून ठेवा. लांब पल्ल्याचं असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा आणि व्हिटॅमिन डी सुद्धा. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरला आधी भेटा.

लघवीची कल्चर करा, संसर्ग असेल तर आधी बरा करा. धार बारीक झाली असेल तर युरोफ्लो (धारेचा वेग मोजणारी चाचणी) आणि लघवीनंतर किती उरते याची सोनोग्राफी करा. जोड आखडला असेल तर तो रेडिएशनआधी रुंद करून घेणं सोपं, नंतर किचकट. दिवसाला किती पॅड लागतात ते लिहून ठेवा. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा अजून सुधारत असेल तर डॉक्टर काही आठवडे थांबायला सांगतील, कारण रेडिएशननंतर ती सुधारणा बऱ्याचदा तिथेच अडते.

आतड्यांचं लोक विसरतात. शौचात रक्त जात असेल तर "मूळव्याध असेल" म्हणून सोडू नका, कोलोनोस्कोपी आत्ताच करून घ्या. रेडिएशननंतर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीची बायोप्सी घेणं टाळतात, जखम न भरण्याची आणि फिस्टुला (भिंतीला आरपार भोक पडून शेजारच्या अवयवात वाट) होण्याची भीती असते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्यांच्या दाहाचे आजार, पूर्वी ओटीपोटाला दिलेला शेक, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: हे सगळे पहिल्याच भेटीत सांगायचे मुद्दे आहेत.

पहिला उपचारच रेडिएशन असेल तर

ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही, रेडिएशनच झालं होतं आणि आता पीएसए चढतोय, त्यांचे नियम निराळे. प्रोस्टेट जागेवर असल्याने पीएसए शून्य होत नाही. तो सगळ्यात खाली जिथे गेला होता त्यात २ मिळवा, त्याच्या वर गेला की रोग परतला असं धरतात. त्याआधीची छोटी उसळी, विशेषतः ब्रॅकीथेरपीनंतरच्या (प्रोस्टेटच्या आतून दिलेल्या रेडिएशननंतरच्या) पहिल्या दोन-तीन वर्षांतली, आपोआप उतरू शकते. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर पीएसए निम्मा दिसतो हेही लक्षात ठेवा. इथे पुन्हा रेडिएशन द्यायचं तर आधी पीएसएमए पेट, एमआरआय आणि त्यानंतर बायोप्सी, तिन्ही हवेत. बायोप्सी फार लवकर केली तर मरत चाललेल्या पेशीही कॅन्सर म्हणून दिसतात, म्हणून पहिल्या रेडिएशनला दोनेक वर्षं झालेली असावीत. शिवाय जुन्या रेडिएशनचा पूर्ण तपशील लागतो: किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), किती दिवसांत, कुठल्या क्षेत्राला. डिस्चार्ज कार्डावरची "रेडिएशन पूर्ण झाले" ही ओळ पुरत नाही, त्या हॉस्पिटलातून डोस प्लॅनची डायकॉम फाइल मिळवा. त्याच जागी दुसऱ्यांदा शेक देण्यात मूत्राशय-गुदाशयाला इजा होण्याचा धोका मोठा असतो, आणि हे काम फार थोड्या केंद्रांना नीट जमतं.

आखणीचा सीटी

शेवटची "तपासणी" म्हणजे सिम्युलेशन. यात रोग शोधत नाहीत, शरीराचा नकाशा घेतात. त्या दिवशीचा मूत्राशय आणि गुदाशय जसा असेल, तसाच रोज असेल असं धरून आखणी होते. म्हणून मूत्राशय आरामात भरलेला आणि गुदाशय रिकामा हवा. लघवी करून, ठरवून दिलेलं पाणी पिऊन, सांगितलेला वेळ थांबायचं, आणि हीच पद्धत पुढे रोज पाळायची. अती पाणी पिऊन कळ येईपर्यंत थांबू नका, तेवढं सहा-सात आठवडे रोज जमणार नाही. आदल्या दोन दिवसांत हरभरा, वाटाणा, मटकीची उसळ, कोबी टाळा. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल आधीपासून सुरू करा. गुदाशयात गॅसचा फुगा दिसला तर तंत्रज्ञ तुम्हाला उठवून परत पाठवतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्याच फायद्याचं आहे.

जास्त डोस मागू नका. साक ०९/१० या चाचणीत ६४ आणि ७० ग्रे यांची तुलना झाली. रोग आटोक्यात राहण्यात फरक पडला नाही, ७० ग्रेवाल्यांना आतड्यांचा त्रास मात्र जास्त झाला. महात्मा फुले योजनेतून उपचार घेणार असाल तर कोणते स्कॅन पॅकेजमध्ये बसतात आणि कोणते खिशातून, हे आरोग्यमित्राला स्कॅन करण्याआधी विचारा. नंतर बिल लावून मिळेल अशी आशा धरू नका.

आणि पहिल्या शेकाच्या आठवड्यात, त्याच जुन्या लॅबमध्ये, पीएसए एकदा आणखी करून घ्या. तपासण्यांत महिना-दीड महिना गेलेला असतो आणि फाइलमधला आकडा शिळा झालेला असतो. उपचारानंतरचा प्रत्येक पीएसए या ताज्या आकड्याशी ताडून बघितला जाईल.